गल्ल्यावरचा फोन आणि त्याची दुखणी

गेल्या दहा वर्षांत महाराष्ट्रातील लहानमोठ्या दुकानांच्या गल्ल्याशेजारून कितीतरी वस्तू हळूहळू नाहीशा झाल्या आणि त्या सर्वांचे काम एकट्या स्मार्टफोनने अंगावर घेतले. उधारीची वही, ऑर्डरी टिपण्याचा कागद, गिऱ्हाइकांच्या नंबरांची डायरी, कॅल्क्युलेटर, मालाचे नमुने दाखवणारा अल्बम, बँकेचे पासबुक आणि बऱ्याच अंशी खुद्द गल्लाही आता वीतभर लांबीच्या काचेच्या पाटीत सामावला आहे. या वस्तू वेगवेगळ्या होत्या तेव्हा कॅल्क्युलेटर बंद पडला म्हणून उधारीची वसुली थांबत नसे. आता मात्र चार्जिंगच्या वायरीचे टोक सैल झाले, तरी विक्री, वसुली, मालाची मागणी आणि बँकेचा व्यवहार एकदमच अडतात. करमणुकीसाठी फोन वापरणाऱ्याला जो बिघाड नुसती कटकट वाटतो, त्याच बिघाडाने व्यावसायिकाच्या धंद्याची खोटी होते.

या बिघाडांकडे जरा बारकाईने पाहिले, तर फोन खरोखर नादुरुस्त झाला आहे असे प्रसंग थोडेच निघतात. बहुतेक तक्रारींचे मूळ वीज, रेंज, साठवण आणि परवानग्या या चारांपैकी एकात असते, आणि हे मूळ कोणते ते ओळखण्याआधीच इलाज सुरू केल्याने मूळ दुखण्यापेक्षा मोठे दुखणे मागे लागते. रेंज नसल्यामुळे पेमेंट अडकलेले असताना ॲप काढून टाकणे, साठवण भरल्यामुळे फोन अडखळत असताना त्याला सरळ ‘फॉरमॅट मारणे’, किंवा ओटीपी येत नाही म्हणून अनोळखी माणसाच्या हाती फोनचा ताबा देणे, हे सर्व याच घाईचे प्रकार आहेत. त्यामुळे इलाजांचा क्रम लावताना एकच कसोटी पुरेशी ठरते: जो इलाज मागे घेता येतो तो आधी करावा आणि जो मागे घेता येत नाही तो सर्वांत शेवटी, तोही नोंदींची प्रत दुसरीकडे ठेवल्यानंतरच.

मागे घेण्यासारखे काही नसलेला पहिला इलाज म्हणजे फोन बंद करून पुन्हा सुरू करणे. रिपेअरिंगवाला प्रत्येक तक्रारीवर हेच सुचवतो, म्हणून त्याची थोडी चेष्टा होत असली तरी त्यामागे कारण आहे. फोनमध्ये कायमच्या साठवणीखेरीज रॅम नावाची तात्पुरती स्मरणशक्ती असते. चालू असलेली प्रत्येक ॲप या जागेचा काही भाग अडवते, आणि दिवसेंदिवस फोन बंदच न झाल्यास एखादी सदोष ॲप अडवलेली जागा सोडायला विसरते. फोन बंद करताच ही जागा पूर्ण रिकामी होते, टॉवरशी जोडणीही नव्याने होते, आणि साठवलेल्या नोंदींना मात्र धक्का लागत नाही. दुकान वाढवताना आठवड्यातून एकदा हे केले, तर ‘फोन हँग होतो’ या सदरात मोडणाऱ्या तक्रारींचा मोठा भाग उद्भवतच नाही.

विजेच्या दुखण्यांत बॅटरी लवकर उतरणे, चार्जिंग हळू होणे आणि फोन तापणे ही तीन एकमेकांत गुंतलेली असतात. स्मार्टफोनमधील बॅटरी लिथियम-आयन प्रकारची असते. १९९१ साली सोनी कंपनीने ती प्रथम बाजारात आणली आणि तिच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. चार्जिंग करताना या बॅटरीत लिथियमचे आयन एका पट्टीतून निघून दुसऱ्या पट्टीत जाऊन बसतात आणि वापरताना परततात. या येरझाऱ्यांत दर वेळी थोडे लिथियम निकामी होते, म्हणून काहीशे वेळा पूर्ण भरून रिकामी झालेली बॅटरी आपल्या मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. ही झीज उष्णतेने वाढते. फोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा असे अनेक उत्पादक सांगतात, तर चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि पत्र्याच्या टपरीत किंवा टेम्पोच्या काचेमागे तो आणखी चढतो. अशा जागी चार्जिंगला लावलेला फोन ताप ओळखून स्वतःच चार्जिंग मंदावतो. तो बिघाड नसून बचाव असतो. फोन सावलीत ठेवणे, चार्ज होत असताना जाड कव्हर काढणे आणि शक्यतो २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान चार्ज राखणे हे साधे उपाय नव्या चार्जरच्या खर्चापेक्षा फलदायी ठरतात.

चार्जिंग अजिबात न होण्याचे कारण पुष्कळदा धंद्याच्या हवेतच असते. इचलकरंजी किंवा भिवंडीच्या यंत्रमागांच्या शेडमध्ये सुताचा बारीक कापूस, सांगलीच्या हळदीच्या गोदामात भुकटी आणि पिठाच्या गिरणीत पीठ फोनच्या चार्जिंग पिनमध्ये साचते. वायर खोचताना दर वेळी हा थर आत दाबला जातो आणि शेवटी पिन पूर्ण बसेनाशी होते. वायर सैल वाटते, ती एकाच कोनात धरली तरच चार्ज होते, ही लक्षणे दिसली की पिन बदलण्याआधी फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हलक्या हाताने थर काढून पाहावा. सुई किंवा टाचणी वापरल्यास आतील संपर्कपट्ट्या खरवडल्या जाऊन फुकटचे काम खर्चाचे होते. मात्र फोनची मागची बाजू फुगलेली दिसली, तर घरगुती उपायांचा विषय संपतो. बॅटरीतील रसायनाचे विघटन होऊन आत वायू जमल्यामुळे ती फुगते, आणि अशी बॅटरी दाबली, टोचली किंवा चार्जिंगला लावली तर पेट घेऊ शकते. म्हणून फोन तत्काळ बंद करून दुरुस्तीकडे न्यावा.

रेंजची दुखणी अधिक गुंतागुंतीची असतात आणि व्यापारी त्यांचा दोष बहुधा फोनला देतो. मोबाइलच्या लहरी वेगवेगळ्या वारंवारतेच्या असतात. ७०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी भिंतींतून बऱ्यापैकी पार होतात, २३०० मेगाहर्ट्झच्या कमी, आणि १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात आलेल्या फाइव्ह-जी सेवेसाठी जी ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढची वारंवारता मुख्यत्वे वापरली जाते तिच्या लहरी स्लॅबच्या छतापुढे आणि लोखंडी शटरपुढे लवकर नांगी टाकतात. तळघरातील गोदामात किंवा बाजार समितीच्या आतल्या गाळ्यात फोनवर फाइव्ह-जीचे चिन्ह दिसते, पण नेट चालत नाही, याचे कारण फोन दूरच्या दुबळ्या लहरीला चिकटून बसलेला असतो. विमानात वापरावयाचा फ्लाइट मोड पाचदहा सेकंद लावून काढला, तर फोन टॉवरशी असलेली जुनी जोडणी सोडून त्या जागी मिळणारी उत्तम जोडणी पुन्हा शोधतो. तेवढ्याने भागले नाही, तर सेटिंगमध्ये नेटवर्कचा प्रकार त्या जागेपुरता फोर-जीवर ठेवणे फायद्याचे असते. दुकानात वाय-फाय असल्यास २०१९ च्या अखेरीपासून भारतात मिळू लागलेली वाय-फाय कॉलिंगची सोय सुरू करता येते, म्हणजे साधे कॉलही टॉवरऐवजी ब्रॉडबँडच्या वायरीवरून जातात. दुबळ्या रेंजचा बॅटरीशीही संबंध आहे, कारण टॉवर जितका दूर तितकी अधिक शक्ती लावून फोनला त्याच्यापर्यंत हाक पोहोचवावी लागते. त्यामुळे गोदामात दिवस काढणाऱ्याची बॅटरी दुपारीच उतरते आणि तो बॅटरी बदलून पाहतो.

दोन सिमच्या फोनमधील एक अडचण मात्र स्वतंत्रपणे समजून घ्यावी अशी आहे. व्यावसायिक सहसा एक नंबर घरचा आणि एक दुकानाचा ठेवतो, आणि दोन्ही नंबर सदैव चालू आहेत अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात बहुतेक फोनांत दोन सिमना मिळून रेडिओ संचाची सामाईक यंत्रणा असते, जिला ड्युअल स्टँडबाय म्हणतात. दोन्ही सिम हाक ऐकण्यासाठी जागी राहतात, पण एका सिमवर बोलणे सुरू झाले की ती यंत्रणा त्याच कामात गुंतते आणि पुष्कळ फोनांत दुसरे सिम तेवढ्यापुरते बहिरे होते. घरच्या नंबरावर वीस मिनिटे बोलणे चालले असताना दुकानाच्या नंबरावर फोन करणाऱ्या गिऱ्हाइकाला नंबर बंद आहे किंवा संपर्क क्षेत्राबाहेर आहे असे ऐकू येते, आणि दुकानदाराला या कॉलचा पत्ताही लागत नाही, कारण तो मिस्ड कॉलमध्येही दिसत नाही. गेलेल्या ऑर्डरीचा कोणताच मागमूस न उरणारा हा बिघाड सर्वांत महागाचा म्हणावा लागेल. कॉल सेटिंगमध्ये ‘संपर्क होत नसेल तेव्हा’ या अटीखाली एका नंबरावरचा कॉल दुसऱ्या नंबरावर वळवण्याची सोय दोन्ही बाजूंनी लावली, तर असा कॉल चालू बोलण्यात वेटिंगवर तरी दिसतो. ज्याचा धंदाच मुख्यतः फोनवरच्या ऑर्डरींवर चालतो, त्याने दुकानाचे सिम स्वस्तातल्या बटनाच्या फोनमध्ये घालून गल्ल्यावर ठेवणे हा अधिक खात्रीचा मार्ग आहे. मात्र ते सिम फक्त फोर-जी आणि त्यापुढची सेवा देणाऱ्या कंपनीचे असेल तर बटनाचा फोनही फोर-जीचाच हवा, आणि पेमेंटची ॲप त्या नंबरावर असेल तर सिम हलवता येत नाही, याचे कारण पुढे येईल.

रेंज पूर्ण आहे, बॅटरी भरलेली आहे, तरी ऑर्डरचे नोटिफिकेशन अर्ध्या तासाने येते, ही तक्रार परवानग्यांच्या सदरातली आहे. २०१५ साली अँड्रॉइडच्या सहाव्या आवृत्तीत ‘डोझ’, म्हणजे डुलकी, नावाची योजना आली: फोन चार्जिंगला नसेल, पडदा बंद असेल आणि बराच वेळ हललेला नसेल, तर तो वापरात नाही असे मानून फोन ॲपना नेट वापरण्याची मुभा थांबून थांबून देतो. खिशातला फोन हलत राहतो. गल्ल्यावर पालथा पडलेला फोन मात्र या व्याख्येत नेमका बसतो. तातडीचे म्हणून पाठवलेले संदेश या डुलकीतूनही फोनला उठवतात, पण प्रत्येक ॲप तशी सोय नीट करतेच असे नाही, आणि काही उत्पादक बॅटरी जास्त टिकते हे दाखवण्यासाठी पडद्यामागच्या ॲप याहूनही कठोरपणे बंद करतात. यावर उपाय म्हणून सेटिंगमधील बॅटरीच्या भागात ऑर्डर, पेमेंट आणि व्हॉट्सॲप बिझनेस एवढ्या मोजक्या ॲपना ‘अनिर्बंध’ वापराची परवानगी द्यावी, आणि जेथे ‘ऑटोस्टार्ट’ नावाची वेगळी कळ असते तेथे तीही सुरू करावी. सगळ्याच ॲपना अशी सूट दिली तर ही योजनाच निकामी होते आणि बॅटरी पुन्हा दुपारी उतरू लागते, हे ओघाने आले.

साठवण भरण्याला भारतात एक सामाजिक कारण आहे. पहाटे येणाऱ्या फुलांच्या, देवांच्या आणि सुविचारांच्या शुभेच्छाचित्रांनी फोन तुडुंब भरतात. डिसेंबर २०१७ मध्ये गूगलने ‘फाइल्स गो’ ही सफाईची ॲप आणली तेव्हा भारतातील ही सवय तिच्या रचनेमागे होती. व्यापाऱ्याकडे यात गिऱ्हाइकांच्या मालाच्या फोटोंची भर पडते. साठवण काठोकाठ भरली की फोन मंदावतो, कारण फोनची फ्लॅश साठवण जुन्या मजकुरावर सरळ नवा मजकूर लिहू शकत नाही. तिला आधी एक संपूर्ण कप्पा पुसून मोकळा करावा लागतो, आणि मोकळे कप्पे उरले नाहीत की प्रत्येक लहान नोंदीसाठी हलवाहलव करावी लागते. एकूण जागेचा निदान दहावा हिस्सा मोकळा राखावा आणि व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो व व्हिडिओ आपोआप उतरवणे बंद करावे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो.

या सफाईत एक घातक जागा आहे. ॲपच्या माहितीच्या पानावर ‘कॅशे साफ करा’ आणि ‘डेटा साफ करा’ अशा दोन कळा एकमेकींच्या शेजारी असतात आणि त्यांचे मराठी भाषांतर वाचून फरक सहज उमगत नाही. कॅशे म्हणजे ॲपने काम लवकर व्हावे म्हणून जवळ ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती. त्या पुसल्या तर ॲप त्या पुन्हा आणते. डेटा म्हणजे मात्र खुद्द नोंदी. बिल बनवण्याच्या किंवा उधारी टिपण्याच्या ज्या ॲप आपला हिशेब फक्त त्याच फोनमध्ये ठेवतात, त्यांचा डेटा साफ करणे म्हणजे रोजमेळ आणि खातेवही चुलीत घालणे होय, आणि ती राखेतून परत मिळत नाही. अशा ॲप वापरणाऱ्याने आठवड्याला हिशेबाची फाइल काढून स्वतःच्याच ईमेलवर पाठवण्याचा शिरस्ता ठेवावा. व्हॉट्सॲपचा बॅकअप अँड्रॉइड फोनवर गूगल खात्यात जातो, पण २०२४ पासून तो त्या खात्याच्या १५ जीबीच्या मोफत जागेत मोजला जातो; ती जागा फोटोंनी भरली की बॅकअप गाजावाजा न करता थांबतो. शेवटचा बॅकअप कोणत्या तारखेचा आहे हे व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये दिसते, आणि ती तारीख कित्येकांच्या फोनमध्ये काही महिन्यांपूर्वीची निघते.

पेमेंटच्या अडचणींकडे वळताना यूपीआयची घडण थोडी लक्षात घ्यावी लागते. मुंबईस्थित नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने २०१६ साली सुरू केलेल्या या व्यवस्थेत एका पेमेंटमध्ये देणाऱ्याची ॲप, देणाऱ्याची बँक, मधला सर्व्हर आणि घेणाऱ्याची बँक इतक्या जणांना काही सेकंदांत एकमेकांना होकार द्यावा लागतो. यांपैकी एकाचा जरी होकार वेळेत आला नाही, तर कधी कधी गिऱ्हाइकाच्या खात्यातून रक्कम कापली जाते, दुकानदाराला मात्र ती पोहोचत नाही, आणि दोन्ही फोन पूर्ण ठणठणीत असूनही गल्ल्यासमोर वाद उभा राहतो. अशा वेळी ॲप काढून पुन्हा टाकण्याने काहीच साधत नाही. प्रत्येक व्यवहाराला मिळणारा बारा अंकी संदर्भ क्रमांक टिपून ठेवणे आणि खात्यातील शिल्लक तपासणे एवढेच हाती असते. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार एका व्यक्तीने दुसऱ्याच्या खात्यात पाठवलेली रक्कम जमा झाली नाही, तर ती फार तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत परत गेली पाहिजे. व्यापाऱ्याला केलेल्या पेमेंटची खात्री दुकानात मिळाली नसेल तर ही मुदत पाच दिवसांची आहे, आणि मुदत उलटल्यावर दर दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याची तरतूद आहे. गिऱ्हाइकाला हा नियम शांतपणे सांगता आला, तर वाद मिटायला मदत होते. गर्दीच्या वेळी फोन चाचपण्यापेक्षा साउंडबॉक्स ठेवणे सोयीचे, कारण त्यात स्वतःचे सिम असते आणि दुकानदाराच्या फोनची रेंज गेली तरी तो जमा झालेली रक्कम बोलून दाखवतो. गिऱ्हाइकाने दाखवलेला स्क्रीनशॉट हा मात्र पुरावा धरता येत नाही, कारण तसे चित्र कोणीही तयार करू शकतो.

सिम हलवल्यावर पेमेंटची ॲप का बंद पडते, याचे उत्तर यूपीआयच्या सुरक्षेत आहे. नोंदणीच्या वेळी ॲप त्या फोनमधील सिमवरून एक एसएमएस पाठवते आणि नंबर, सिम व फोन हे तिन्ही एकाच ठिकाणी आहेत याची बँकेकडे नोंद करते. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातले की ही गाठ सुटते आणि नोंदणी पहिल्यापासून करावी लागते. या एसएमएससाठी सिमवर बाहेर एसएमएस पाठवण्याची सोय असलेले रिचार्ज लागते. ते संपलेले असताना ‘व्हेरिफिकेशन फेल’ असा निरोप दहादा पाहून फोनला शिव्या देणारे पुष्कळ असतात. हरवलेल्या सिमच्या जागी नवे घेतले, तर दूरसंचार विभागाच्या सुरक्षा नियमामुळे पहिले २४ तास त्यावर एसएमएस चालत नाहीत, म्हणून ओटीपीही येत नाही. हा दिवस वाट पाहण्याचाच असतो. दिवाळीच्या किंवा जीएसटी विवरणाच्या शेवटच्या तारखेच्या तोंडावर सिम बदलण्याचा घाट घालू नये तो यासाठीच.

याच्या जवळचा आणि चमत्कारिक वाटणारा बिघाड म्हणजे नेट पूर्ण चालू असताना बँकेची ॲप आणि संकेतस्थळे ‘जोडणी सुरक्षित नाही’ असे म्हणून उघडेनाशी होणे. बॅटरी पूर्ण उतरून बराच काळ पडलेल्या फोनचे घड्याळ मागे पडलेले असते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाकडे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असे डिजिटल प्रमाणपत्र असते, आणि फोनच्या दृष्टीने आजची तारीख त्या मुदतीबाहेर असेल तर तो जोडणी नाकारतो. तारीख व वेळ नेटवर्कवरून आपोआप घेण्याची कळ सुरू केली की काम संपते.

मराठीत व्यवहार करणाऱ्यांच्या वाट्याला आणखी एक खास दुखणे येते. छपाईवाल्याकडून आलेले दरपत्रक किंवा एखाद्या संस्थेचे पत्र फोनवर उघडले की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा अर्थहीन गोंधळ दिसतो, आणि फोनला मराठी येत नाही अशी समजूत होते. तो मजकूर युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टाइप केलेला असतो. छपाईच्या व्यवसायात अजूनही वापरात असलेल्या अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्याच सांकेतिक क्रमांकांवर देवनागरी आकार बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट ज्या यंत्रात नाही तेथे खालचे इंग्रजी उघडे पडते. युनिकोडमध्ये देवनागरीला स्वतःचे क्रमांक असल्याने युनिकोड मजकूर कोणत्याही फोनवर वाचता येतो. पाठवणाऱ्याला तीच फाइल पीडीएफ करून पाठवायला सांगणे हा तात्पुरता उपाय आहे, कारण पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार फाइलच्या आतच ठेवता येतात. मजकुरात बदल करायचा असेल तर मात्र रूपांतर करून घ्यावेच लागते.

पाण्याविषयी थोडक्यात सांगता येईल. फोनवरील आयपी ६८ या निशाणीतील पहिला आकडा धुळीपासूनचे आणि दुसरा पाण्यापासूनचे संरक्षण दाखवतो, पण ही चाचणी नव्या फोनवर गोड्या पाण्यात होते. मासळीच्या खाऱ्या पाण्याला किंवा तीन पावसाळे काढलेल्या रबरी कडांना ती लागू नाही. भिजलेला फोन बंद करून पुसावा, पिनची बाजू खाली धरून हलके झटकावा आणि पंख्याच्या हवेत ठेवावा. तांदळाच्या डब्यात खुपसण्याचा उपाय घराघरांत चालतो, परंतु तांदळाचे कण आत जाऊन नुकसान करू शकतात म्हणून तो करू नये असे ॲपल कंपनीने आपल्या सूचनांत स्पष्टपणे म्हटले आहे. ओल्या बोटांनी पडदा वेडावाकडा चालतो तो बिघाड नव्हे. पडदा बोटाच्या स्पर्शाने विद्युत्भारात होणारा बदल ओळखून काम करतो आणि पाण्याचा थेंबही त्याला बोटच वाटतो.

दुरुस्ती शोधण्याच्या वाटेवरच आता ठकांनी दुकाने थाटली आहेत. पेमेंट अडकल्यावर इंटरनेटवर ग्राहकसेवेचा नंबर शोधणारा व्यापारी पुष्कळदा खोट्या नंबरावर पोहोचतो, आणि पलीकडचा माणूस अडचण सोडवण्याच्या नावाखाली पडदा दुरून दिसेल अशी ॲप टाकायला लावतो. लग्नपत्रिका, वाहतूक दंडाची पावती किंवा बँकेचे केवायसी अशा नावांनी व्हॉट्सॲपवर येणाऱ्या, शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असलेल्या फाइली याच कुळातल्या असतात. या फाइली म्हणजे अधिकृत दुकानाबाहेरून आलेल्या ॲप असून त्या एसएमएस वाचण्याची परवानगी मिळवतात आणि ओटीपी परस्पर पुढे पाठवतात. एखादी अनोळखी ॲप पुन्हापुन्हा जाहिराती दाखवते किंवा काढता येत नाही असे झाले, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करावा; या अवस्थेत नंतर टाकलेल्या सर्व ॲप निष्क्रिय राहतात, आणि दोषी ॲप निवांतपणे काढता येते. सेवेचा नंबर ॲपच्या आतून किंवा पासबुकावरून घ्यावा, आणि पैसे गेलेच तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणूक मदतवाहिनीवर कळवावे, कारण रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात सरकण्याआधी ती गोठवण्याला फार थोडा अवधी असतो.

फोन दुरुस्तीला देताना दुकानदार पडद्याचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून देतो, आणि त्याबरोबर गल्ल्याची किल्लीही जाते. अलीकडच्या काही फोनांत दुरुस्ती मोड किंवा मेंटेनन्स मोड अशी सोय असते, ज्यात फोटो, संदेश आणि खाती झाकली जाऊनही तंत्रज्ञाला चाचण्या घेता येतात. ती नसेल तर बॅकअप घेऊन, पेमेंटच्या ॲपमधून बाहेर पडून आणि सिम काढूनच फोन द्यावा. जुना फोन विकताना त्यातील गूगल खाते आधी काढावे लागते; नुसते फॉरमॅट मारल्यास फोन पुन्हा जुन्या मालकाचाच पासवर्ड मागू शकतो, कारण चोरीच्या फोनचा उपयोग होऊ नये यासाठी २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये तसे कुलूप आहे.

हरवलेल्या फोनसाठी सरकारची सीईआयआर ही नोंदवही आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये तिचा प्रारंभ मुंबईत, महाराष्ट्र आणि गोवा यांसह मोजक्या भागांपुरता झाला, आणि मे २०२३ मध्ये आलेल्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर ती देशभर खुली झाली. फोनचा पंधरा अंकी आयएमईआय क्रमांक, पोलिसांतील तक्रारीची प्रत आणि त्याच नंबराचे नवे सिम यांच्या आधारे तो फोन देशातील सर्व नेटवर्कांवर बंद करता येतो. *#०६# दाबल्यावर दिसणारा हा क्रमांक फोन हातात आहे तोवरच वहीत लिहून ठेवावा लागतो.

या सर्व खटपटीत अनेकांची गाडी एका अनपेक्षित जागी अडते. नवे सिम मिळण्यासाठी ते ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः ओळखपत्रासह हजर राहावे लागते, आणि दुकानाचा वर्षानुवर्षे पाटीवर रंगवलेला, बिलांवर छापलेला नंबर कधीकाळी नोकराच्या, मेहुण्याच्या किंवा नोकरी सोडून गावी गेलेल्या मुनिमाच्या आधार कार्डावर घेतलेला निघतो. बँकेचे खाते, यूपीआय, व्हॉट्सॲप बिझनेस आणि जीएसटीचा ओटीपी सारे त्या नंबराला बांधलेले असते. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत हे ‘संचार साथी’वर पाहता येते; दुकानाचा नंबर त्या यादीत दिसत नसेल, तर तो रीतसर स्वतःच्या नावावर करून घेण्याचे काम मुनीम फोन उचलतो आहे तोवर उरकता येते.